तीन वर्षांसाठी कुणी घर मांडतं का?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी बत्तीस वर्षांची आहे. माहेर अमळनेर तालुक्यातलं, सासर धुळ्याचं. धुळ्यात ती सात वर्षं शाळेत शिकवत होती. नवऱ्याला जर्मनीत तीन वर्षांच्या करारावर नोकरी लागली आणि गेल्या फेब्रुवारीत ती चार वर्षांच्या लेकीला घेऊन तिकडे गेली. दहा महिने झाले तरी घर लागलेलं नाही. सहा खोकी बंद आहेत, भिंतीवर एक चित्र नाही. "परतच जायचंय, कशाला पसारा?" असं नवरा म्हणतो. सासूबाई फोनवर दर वेळी "तिकडे रमू नका" असं बजावतात. मेमध्ये एका रविवारी सकाळी हिने मिक्सर लावला आणि लेक घरभर पळत होती, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाईंनी पत्रपेटीत चिठ्ठी टाकली: रविवारी शांतता पाळावी. त्या दिवसापासून ही चवड्यांवर चालते आणि लेकीला सारखं "हळू, हळू" म्हणते. आता लेक बाहुलीला दटावते, "लाइजे, लाइजे." तिकडच्या भाषेत त्याचा अर्थ 'हळू'. आईशी रोज दोन-दोन तास व्हिडिओ कॉल होतो, पण आईला ती "बरं शे" एवढंच सांगते, कारण गावात सगळे म्हणतात पोरीने नशीब काढलं. तिचे प्रश्न असे: हे घर मला माझं का वाटत नाही? लेकीला घेऊन परत जाऊ का? की माझ्यातच काही खोट आहे?

पोरी,

तू मला मावशी म्हटलंस, म्हणून मीही तुला अगं-तुगं करते. माझं माहेर पारोळ्याकडचं. आपल्या अहिराणी बोलीत "बरं शे" दोन तऱ्हांनी म्हणतात. खरोखर बरं असलं की त्याला शेपूट असतं, "बरं शे, जेवण व्हयनं, तुन्ह काय चालनं?" बरं नसलं की ते तिथल्या तिथे थांबतं. आयांना हा फरक कानाला कळतो. तुझ्या आईला तो कधीच कळला असणार. विचारलं तर तू रडशील आणि इतक्या लांबून तिला तुझे डोळे पुसता येणार नाहीत, म्हणून ती विचारत नसेल.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुझ्यात खोट नाही. धुळ्यात सात वर्षं तू 'मॅडम' होतीस. पाचकंदीलला भाजी घ्यायला गेलीस तरी कुणा पोराची आई भेटायची, रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागत नव्हता. ते सगळं एका दिवसात गेलं. नवऱ्याला उतरल्या दिवसापासून टेबल मिळालं, सहकारी मिळाले, दुपारी कुणाबरोबर जेवायचं ते ठरलं. तुला मिळाला रिकामा फ्लॅट. तिकडे तर बऱ्याच घरांना स्वयंपाकघरही नसतं, आधीचा भाडेकरू ओट्यासकट सिंकही उचलून नेतो. ज्याला दिवसभर जायला जागा आहे त्याला संध्याकाळी घरात चित्र नसलं तरी चालतं. तू दिवसभर त्याच चार भिंतींत असतेस. तुमच्या दोघांच्या हालात हा फरक आहे. तो नवऱ्याला दिसला नसेल तर त्यात त्याचा दुष्टपणा नाही, पण तो त्याला दाखवावा लागेल, आणि ते काम तुलाच करायचं आहे.

माझी लेक काही वर्षांपासून तिकडेच असते. तिच्या घरी मी दोन हिवाळे काढले, म्हणून तू लिहिलंस त्यातलं बरंच डोळ्यांनी पाहिलेलं आहे. डिसेंबरात साडेचारच्या आत अंधार पडतो, तेव्हा आपल्यासारख्या पंचेचाळीस डिग्रीत वाढलेल्या बाईचा जीव कसा घुसमटतो तेही मला ठाऊक आहे.

आता 'तीन वर्षांसाठी कशाला पसारा' या वाक्याबद्दल. ते व्यवहारी वाटतं, पण मला ते पटत नाही.

माझ्या वडिलांच्या मळ्यात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे गडी, असायचे, तुझ्याही माहेरी असतील. आपल्याकडे सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बसतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. पुढच्या वर्षी इथे की दुसऱ्याच्या मळ्यात, याची खात्री नसते. आमच्याकडे एक जोडपं होतं. ती बाई मळ्यातल्या खोलीत राहायला आली की पहिल्या आठ दिवसांत चूल घालायची, दारापुढची जागा सारवायची आणि पहिला पाऊस पडला की छपराच्या कडेला गिलक्याचं बी टोचायची. दोन महिन्यांत वेल छपरावर चढायचा. गिलकी ती खायची, आमच्या घरी द्यायची, शेजारच्या मळ्यातही द्यायची. साल संपल्यावर वेल सोबत नेता येत नाही हे तिला कुणापेक्षाही जास्त माहीत होतं. तरी ज्या वर्षी ती आमच्याकडे होती, त्या वर्षी तिने आमच्याच छपरावर वेल चढवला, कारण त्या वर्षीचं जेवण तिथेच शिजणार होतं.

तीन वर्षं म्हणजे तीन आखाज्या आणि तीन श्रावण. तुझी लेक चाराची सात होईल. आपण लहानपणचं घर म्हणून जे आठवतो, ते साधारण याच वयातलं असतं. तुमच्यासाठी ते घर तात्पुरतं असेल, तिच्यासाठी ते आठवणीतलं पहिलं घर आहे. तिला त्यात बंद खोकी आणि "हळू" आठवावं, असं तुला वाटत नाही, म्हणूनच तू मला बाहुलीची गोष्ट लिहिलीस.

दुसरी गोष्ट माझ्या मामाची. आपल्याकडची किती माणसं सुरतेला गेली ते तुला सांगायला नको. उधना, लिंबायत, डिंडोलीकडे गेलीस तर गल्लीच्या गल्ली अहिराणी बोलते. मामा लूमवर कामाला गेला तो "दोन-चार वर्षं, मग गावाकडे जमीन घेऊ" म्हणून. अकरा वर्षं त्याने खोलीत कॉट घेतली नाही. सतरंजी, स्टोव्ह, एक ट्रंक. मामी म्हणायची भिंतीला फळी ठोकू, तो म्हणायचा पुढच्या वर्षी जायचंच आहे. अकराव्या वर्षी श्रावणात मामीने कुणाला न विचारता त्या खोलीत कानबाई, आपली खान्देशची देवी, बसवली. भाऊबंद आले, रोट झाले, रात्रभर गाणी झाली, सोमवारी वाजतगाजत विसर्जन झालं. त्यानंतरच्या आठवड्यात मामाने फळी ठोकली. म्हातारपणी तो गावी परतला, ठरवल्याप्रमाणे जमीनही घेतली. पण सुरतेतली ती पहिली अकरा वर्षं कशी गेली असं विचारलं की मामा गप्प बसायचा. सांगण्यासारखं काही जमलंच नव्हतं. मामीला मात्र परतल्यावर उधन्याच्या शेजारणी आठवायच्या.

म्हणजे बघ, घर मांडलं म्हणून मामाचं परत येणं अडलं नाही. तू 'रमणं' आणि 'परत न येणं' या दोन गोष्टी एकच धरून चालली आहेस. नवराही तसंच धरतो, सासूबाईही तसंच धरतात. मला वाटतं तुम्हा तिघांच्या मनात ही एकच भीती आहे आणि प्रत्येक जण ती वेगळ्या शब्दांत बोलतो. सासूबाई "रमू नका" म्हणतात त्याचा अर्थ "मला विसरू नका" असा घे. त्यांना उत्तर द्यायचं तर वादाने देऊ नकोस. आज घरात काय केलं ते दाखव. नात त्यांच्याशी बोलताना मागे त्यांनीच दिलेली गोधडी दिसू दे.

आणि हे सदर इकडे, जळगाव-धुळे-नंदुरबारकडे वाचणाऱ्या आयांना आणि सासवांनाही मला सांगायचं आहे. पोरगी परदेशी असली की पहिलाच प्रश्न "कधी येणार?" असा टाकू नका. तिच्याजवळ त्याचं उत्तर नसतं, आणि फोन ठेवल्यावर ती तासभर काही करू शकत नाही. "आज काय रांधलं?" विचारा. "शेजारीण कशी आहे?" विचारा. ती तिथे नीट राहिली तरच ती धडधाकट तुमच्याकडे परत येणार आहे.

आता चिठ्ठी. तुझ्या सगळ्या पत्रात मला सर्वांत जास्त या चिठ्ठीने थांबवलं. सात महिने तू एका कागदाच्या धाकात चालते आहेस. आपल्याकडे आवाज झाला की वरच्या मजल्यावरून हाक येते, "ओ वहिनी, किती धिंगाणा!" आणि संध्याकाळी तीच बाई वाटीभर भाजी घेऊन येते. तिकडे दार वाजवून तोंडावर बोलणं आगाऊपणाचं वाटतं, म्हणून चिठ्ठी. आपल्याला चिठ्ठी म्हणजे अबोला, खटला, अपमान असं काहीबाही वाटतं. त्यांच्याकडे ती बहुतेक वेळा नुसती सूचना असते. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवार-सुट्टीचा पूर्ण दिवस शांततेचा, हा तिकडचा सर्रास पाळला जाणारा नियम आहे. त्याला रुहेत्साइट म्हणतात. काही इमारतींत दुपारचे दोन तासही धरतात. तुझ्या इमारतीची नियमावली करारासोबत मिळाली असेल, हाउसओर्डनुंग नावाची. ती एकदा नवऱ्याबरोबर बसून वाच. मिक्सर, ड्रिल, व्हॅक्यूम रविवारी नको, एवढं सांभाळलंस की बाकी वेळ घर तुझं आहे. लहान पोरांच्या नेहमीच्या खेळण्या-पळण्याच्या आवाजाला तिकडचा कायदाही बराच सांभाळून घेतो. लेकीच्या खोलीत जाड गालिचा टाक, मिक्सरखाली दुमडलेला टॉवेल ठेव, आणि तिला दिवसा पळू दे. चवड्यांवर चालणं आजपासून बंद.

आणि त्या बाईंकडे जा. होय, सात महिन्यांनीही. जर्मनमध्ये तीन-चार ओळी लिहून ने, तुझ्याच अक्षरात: आम्ही वर राहतो, नियम माहीत नव्हता, लेक चार वर्षांची आहे, त्रास झाला तर बेल वाजवा. सोबत बशीत रव्याचे चार लाडू. माझ्या लेकीची शेजारणीशी ओळख पार्सलमुळे झाली. तिकडे आपण घरी नसलो की कुरिअरवाला शेजाऱ्याकडे डबा ठेवून जातो, मग तो आणायला जावं लागतं. लेक दोन-तीनदा गेली, चौथ्यांदा त्या बाईंनी आत बोलावलं. तू दिवसभर घरी असतेस, इमारतीतली सगळी पार्सलं तुझ्याकडे येऊ शकतात. घेत जा. नावं पाठ होतील. त्या बाई गोड बोलतीलच असं मी सांगत नाही, एखादं माणूस खडूस असतं. पण सध्या तू भितेस ते एका कागदाला. जाऊन आलीस की निदान समोर एक चेहरा असेल, आणि चेहऱ्याशी कसं वागायचं हे सात वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईला मी काय सांगू.

घर मांडायचं म्हणजे पैसे उधळायचे असं नवऱ्याला वाटत असेल, तर तसं काही नाही. तिकडे लोक नको असलेलं चांगलं सामान 'त्सु फेरशेंकेन', म्हणजे फुकट न्या, अशी पाटी लावून दारापुढे ठेवतात. जुन्या वस्तूंचे बाजार भरतात. फळी, दिवा, लेकीचं छोटं टेबल यांतून मिळून जाईल. खिळ्यांची भीतीही नको. नेहमीच्या वापरातले चार खिळे भाडेकरूला ठोकता येतात, जाताना भोकं बुजवून द्यायची. करार पाहून घे, आणि ठोकशील ते रविवारी नको. हिवाळ्यात खिडक्या मात्र आपल्यासारख्या दिवसभर बंद ठेवू नकोस. दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या, विशेषतः स्वयंपाक आणि अंघोळीनंतर. नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि घर सोडताना अनामत रकमेवरून कटकट होते.

फोडणीची भीती तू लिहिली आहेस. धूर होतो, भोंगा वाजेल, वास जाईल म्हणून दहा महिन्यांत ठेचा केला नाही, भरीत केलं नाही. अगं, भरीत न खाता खान्देशातली बाई दहा महिने काढते, मग घर घरासारखं कसं लागेल? धुराचे भोंगे तिकडे झोपायच्या खोल्यांत सक्तीचे असतात. त्यांची दारं लावून घे, स्वयंपाकघराची खिडकी उघड. बामणोदची हिरवी वांगी मिळणार नाहीत, तुर्की दुकानात मोठी जांभळी मिळतात. टोचून, तेलाचा हात लावून ओव्हनमध्ये सव्वादोनशे डिग्रीवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं ठेव, साल सुरकुतून बसलं की काढ. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या आरावरची चव येत नाही, ते खरंय. मिरच्या तव्यावर भाज, कांद्याची पात, शेंगदाणे, लसूण भरपूर. भारतीय किराण्यात ज्वारीचं पीठ मिळतं, उडदाचंही मिळतं, म्हणजे कळण्याची भाकरीही जमेल. पहिल्या दोन तुटतील. शेवभाजी तर कुठेही होते. आणि हे शनिवारी कर. पोरीच्या वर्गातल्या एखाद्या आईला जेवायला बोलाव, तिखट बेताने घाल.

फोनबद्दल मी जरा कडक बोलते. आईशी बोलू नकोस असं मी कधीच म्हणणार नाही. पण रोज दोन तास स्क्रीन टेकवून ठेवून तू खरं काहीच सांगत नाहीस, हे दोन्ही मिळून वाईट आहे. हिवाळ्यात तुमच्यात साडेचार तासांचा फरक असतो. तुझ्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजतात तेव्हा अमळनेरात रात्रीचे दहा झालेले असतात, आई झोपायला जाते. म्हणजे तुझी दुपार तू अमळनेरात काढतेस आणि बाहेर अंधार पडून तुला सगळ्यात सोबत हवी असते तेव्हा तिकडे कुणी जागं नसतं. उलट कर. आईला सकाळी, लेकीला किटात, म्हणजे तिकडच्या बालवाडीत, सोडून आल्यावर फोन लाव, अर्धा तास. त्या अर्ध्या तासात रोज एक खरी गोष्ट सांग. "आज मला एकटं वाटलं" एवढीही पुरे. ती घाबरणार नाही. तीही कधीतरी परक्या घरात नांदायला आली होती, तिला यातलं बरंच ठाऊक आहे. दुपार, उजेड असेपर्यंतची, तिकडच्या गावाला दे.

द्यायची कशी? भाषेच्या वर्गाने. शिक्षिका आहेस, वर्ग म्हटलं की तुझा जीव थाऱ्यावर येईल. तिकडे प्रौढांसाठी फोक्सहोखशूले नावाच्या शाळा गावोगाव आहेत, खासगी क्लासपेक्षा स्वस्त. सरकारी एकात्मता अभ्यासक्रम वेगळा आहे, त्यात साधारण 600 तासिका भाषेच्या आणि 100 त्या देशाच्या ओळखीच्या. तुला प्रवेश मिळतो का ते परदेशी नागरिकांच्या कार्यालयात विचार. स्थलांतरितांसाठी मोफत सल्ला देणारी केंद्रंही असतात. तुझ्या राहण्याच्या परवान्यावर काम करायची मुभा लिहिली आहे का तेही पाहा, जोडीदाराच्या परवान्यावर ती सहसा असते. शाळेत शिकवायला भाषेची बरीच वरची पातळी लागते, ते लगेच होणार नाही. पण गावातल्या वाचनालयात पोरांना गोष्टी वाचून दाखवतात, तिथे लेकीला घेऊन जाणं पुढच्या आठवड्यातही होईल. तिथे तूही पहिलीतली आणि तीही.

लेक जर्मन शब्द बोलते म्हणून तू धास्तावली आहेस, तिला घरी प्रमाण मराठी शिकवू की अहिराणी, की दोन्ही सोडून जर्मन, असं विचारलंस. ज्या भाषेत तू रागावतेस आणि लाड करतेस ती बोल. ती अहिराणी असेल तर अहिराणी. पोरं दोन-तीन भाषा सहज पेलतात, मधे मधे भेसळ करतात, ती आपोआप निवळते. जर्मन तिला किटात मिळणारच आहे. अहिराणी तिला तिकडे तुझ्याशिवाय कुणाकडून मिळणार नाही. आणि बाहुलीला दटावायला एखादा गमतीचा शब्द आपल्या बोलीतला दे.

आता परत जाण्याचा प्रश्न. तो मी टाळत नाही. परत जाणं ही हार नाही, गाव काय म्हणेल म्हणून तिकडे कुढत बसू नकोस. पण लेकीला घेऊन तू धुळ्यात आणि नवरा तिकडे, यात लेकीचा बाप स्क्रीनवर जातो आणि तुझी एकटं पडण्याची गोष्ट फक्त त्याच्याकडे सरकते. नोकरी परत मिळेल का तेही शाळेला आधी विचारून ठेव, गृहीत धरू नकोस. तिघांनी करार अर्धवट सोडून परतायचं तर त्याचे पैशांचे परिणाम कागदावर मांडा. आणि तिघांनी राहायचं तर आत्ता राहताय तसं राहून चालणार नाही, हेही त्याच कागदावर लिहा. मला तिसरा मार्ग बरा वाटतो, पण तुझ्या घरात मी राहत नाही.

फक्त हा निर्णय डिसेंबर-जानेवारीच्या अंधारात घेऊ नका. सालदार आणि मालक पुढच्या सालाचं आखाजीला बसून बोलतात. तुम्ही दोघांनीही आखाजीलाच बसा. तोवर मार्च संपता संपता तिकडची घड्याळं एक तास पुढे जातात, संध्याकाळी आठ-साडेआठपर्यंत उजेड येतो, झाडांना पालवी असते, लेकीला बागेत नेता येतं. मधल्या चार-पाच महिन्यांत घर मांडून पाहा. नवऱ्याला सांग की मी कायमचं राहू म्हणत नाहीये, मला आखाजीपर्यंत नीट राहून पाहायचंय, आणि त्यासाठी मला महिन्याला एवढे पैसे आणि शनिवारचा तुझा अर्धा दिवस हवाय. आकडा सांगूनच बोल. "तुला माझं कळत नाही" म्हणालीस तर तो गोंधळेल. "शनिवारी दहा वाजता दोन फळ्या ठोकायच्या आहेत" म्हणालीस तर तो स्क्रू ड्रायव्हर शोधेल.

एक गोष्ट मात्र आखाजीपर्यंत थांबवायची नाही. तू लिहिलंस की पहाटे तीनला जाग येते आणि मग झोप लागत नाही, आणि जेवण नकोसं झालंय. असं दोन आठवड्यांहून जास्त दिवस चाललं असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर हे फक्त घराच्या आठवणीचं प्रकरण राहिलेलं नाही. घराजवळच्या फॅमिली डॉक्टरकडे, तिकडे हाउसआर्त्स्ट म्हणतात, याच आठवड्यात वेळ घे. नवऱ्याला सोबत ने, त्याने ऐकणंही गरजेचं आहे. रक्तात ड जीवनसत्त्व किती आहे तेही बघून घ्यायला सांग. जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावंसं वाटलं तर कशाचीही वाट न पाहता 112 लाव, तो तिकडचा तातडीचा नंबर आहे. आणि औषध-बिवषध लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील, पण रोज दुपारी बारा ते दोनच्या मधे, ढग असले तरी, अर्धा तास बाहेर चालून ये. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी शाल पांघरून खिडकीशी बसून राहायचे आणि दिवसेंदिवस मिटत गेले. दुसऱ्या हिवाळ्यात लेकीने मला रोज हाताला धरून बाहेर काढलं. फरक पडला.

राहिली खोकी. सहाही एका दिवशी उघडू नकोस, पसारा पाहून पुन्हा बंद करशील. तू जाता जाता लिहिलंस की एका खोक्यावर आईच्या अक्षरात 'देव आणि मसाला' असं लिहिलंय आणि तेच उघडायला सगळ्यात जड जातं. ते आज संध्याकाळी लेकीला घेऊन उघड. देव कुठे ठेवायचे ते तिला ठरवू दे, तिच्या हाताला येईल अशा जागी ठेवले तरी चालतील. काळा मसाला दहा महिने बंद आहे, वास उतरायला लागला असेल. काचेच्या बरणीत काढ, आणि रात्रीच्या भाजीत नेहमीपेक्षा अर्धा चमचा जास्त घाल.